शाळेने धर्माचा तास सक्तीचा केला तर पालकांनी काय करायचं

दर जूनमध्ये नवीन टाइमटेबल हातात येतं, त्यात कुठेतरी ‘संस्कार’ किंवा ‘मॉरल सायन्स’ किंवा नुसतं ‘प्रार्थना’ असा तास असतो, आणि मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात, एकजण म्हणतो चांगलंच आहे की, दुसरा म्हणतो हे शाळेचं काम नाही, आणि शाळेला मात्र कोणीच काही विचारत नाही. हे लिहितेय ते ज्यांना विचारायचंय पण कसं विचारायचं ते कळत नाही त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच सांगते म्हणजे घोळ नको. मुलांना धर्मांची माहिती असलीच पाहिजे. पुण्यात राहून पालखी कुठून येते, मोहरमचे ताबूत म्हणजे काय, बुद्धजयंतीला काय करतात हे पोराला माहीत नसेल तर ते शिक्षण अर्धवटच आहे. पण एखाद्या धर्माची उपासना हजेरी घेऊन, मार्क लावून करून घ्यायची, याला माझा ठाम विरोध आहे, मग तो धर्म माझा स्वतःचा का असेना.

आता पहिलं काम. अर्ज लिहायच्या आधी त्या तासाला नक्की काय होतं ते शोधून काढा. मुलाला उलटतपासणी केल्यासारखं विचारू नका, गप्पा मारता मारता विचारा. हात जोडून डोळे मिटायला लावतात का? पाठ नाही झालं तर उभं करतात का? रिपोर्ट कार्डवर त्याची ग्रेड येते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘असं का’ म्हणून विचारलेलं बाईंना चालतं का? या चार उत्तरांवरून तुम्हाला बरंच कळेल. कारण नाव काहीही असलं तरी धर्माविषयी शिकवणं आणि धर्म पाळायला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक कोर्टानेही मान्य केलाय. गुरु नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असं सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये पंजाबातल्या डीएव्ही कॉलेजच्या केसमध्ये म्हटलं होतं, आणि २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सगळ्या धर्मांची ओळख अभ्यासक्रमात असायला हरकत नाही असं सांगितलं. तेव्हा पुस्तकात तुकोबांचा अभंग आला म्हणून कोणी भांडायला जाऊ नका प्लीज, ते मराठी साहित्य आहे आणि ते प्रत्येक पोराला यायलाच हवं.

पसायदानाचंच बघा. मराठीच्या तासाला बाई ‘दुरितांचे तिमिर जावो’चा अर्थ सांगतायत, ‘जो जे वांछील तो ते लाहो’ म्हणजे कोणाला काय मिळावं असं माउली म्हणतात यावर पोरं बोलतायत, तर यापेक्षा चांगला तास नाही. तेच पसायदान रोज परिपाठाला हात जोडून, रांगेत उभं राहून, ज्याचे ओठ हलत नाहीत त्याचं नाव मॉनिटरने फळ्यावर लिहायचं, अशा पद्धतीने झालं तर ती उपासना झाली, आणि तीही धाक दाखवून. शब्द तेच आहेत पण पोराच्या बाजूने बघितलं तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

दुसरं काम म्हणजे शाळा कुठल्या प्रकारची आहे ते बघणं, कारण नियम त्यावर ठरतो. संविधानाचं कलम २८ वाचा, छोटंसं आहे, मराठीतही मिळतं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत, म्हणजे आपल्याकडे मनपाची किंवा झेडपीची शाळा, धार्मिक शिक्षण देताच येत नाही, विषय संपला. एखाद्या ट्रस्टने किंवा देणगीदाराने मुळात धार्मिक शिक्षणाची अट घालून काढलेली आणि आता सरकार चालवत असलेली संस्था असेल तर ती याला अपवाद आहे, पण तसं क्वचितच असतं. राहिल्या बाकीच्या, म्हणजे अनुदानित असो, विनाअनुदानित असो, सीबीएसई असो, कॉन्व्हेंट असो, शाळा सरकारमान्य असली किंवा सरकारी मदत घेत असली की तिसरं उपकलम लागू होतं. ते असं सांगतं की तिथे शिकणाऱ्या कोणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही, त्याने स्वतः, आणि मूल अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचं असेल तर त्याच्या पालकाने, संमती दिली असेल तरच ते चालतं. अल्पसंख्याक संस्थेला कलम ३० खाली स्वतःची शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे, पण म्हणून तिसऱ्या उपकलमातून ती सुटत नाही.

यातला ‘संमती दिली असेल तरच’ हा भाग दोनदा वाचा. बहुतेक शाळा उलटं सांगतात, की ज्यांना नको त्यांनी लिहून द्या. कायदा म्हणतो ज्यांना हवंय त्यांनी लिहून द्यावं. ग्रुपवर तुम्ही गप्प बसलात म्हणजे संमती दिली असं होत नाही. मात्र ॲडमिशनचा फॉर्म एकदा काढून बघा, बारीक अक्षरात ‘शाळेच्या सर्व उपक्रमांत सहभाग बंधनकारक राहील’ अशी ओळ असते आणि आपण घाईघाईत खाली सही ठोकलेली असते. तसं असेल तर घाबरायचं कारण नाही, ‘सर्व उपक्रम’ म्हणजे उपासनेला दिलेली संमती असं आम्ही मानत नाही, असं साध्या भाषेत कळवून टाका.

‘एवढं काय त्यात, सगळेच म्हणतात ना’ असं कोणी म्हणालं तर त्यांना केरळमधल्या तीन भावंडांची केस सांगा. त्यांच्या पंथाच्या श्रद्धेप्रमाणे ती मुलं राष्ट्रगीत म्हणत नव्हती, पण राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, तरी शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर मुलाच्या श्रद्धेचा एवढा मान ठेवला जातो, तर स्तोत्राच्या आणि बायबलच्या तासाला तो का नको?

तिसरं, बोलायला सुरुवात वर्गशिक्षिकेपासून करा, आणि समोरासमोर. ग्रुपवर नको, तिथे लिहिलेल्याचे स्क्रीनशॉट फिरतात आणि बाईंनाही मग माघार घेता येत नाही. बऱ्याचदा त्यांनाही हा तास वरून आलेला असतो. माझ्या ओळखीत विश्रांतवाडीचं एक बौद्ध कुटुंब आहे, त्यांच्या चौथीतल्या मुलीच्या डायरीत लाल पेनने शेरा आला, ‘स्तोत्र पाठ नाही, घरी सराव घ्या’, आणि खाली पालकांच्या सहीसाठी रेघ. मुलगी आईला विचारत होती, आपल्याकडे हे म्हणतच नाहीत तर सराव कोण घेणार. आईने शेऱ्याखाली सही केली नाही, दुसऱ्या दिवशी डायरी घेऊन बाईंना भेटली, शांतपणे बोलली, आणि बाईंनीच मुख्याध्यापकांकडे विषय नेला. हे सगळ्या शाळांत इतकं सरळ होत नाही हे मला माहितीये, पण सुरुवात अशीच करायची.

नाहीच झालं तर लेखी द्या. मजकूर साधारण असा: ‘आमचा पाल्य आपल्या शाळेत इयत्ता सहावी ब मध्ये शिकत आहे. दर शनिवारी होणाऱ्या पठणाच्या तासाला उपस्थिती बंधनकारक असल्याचे समजले. संविधानाच्या अनुच्छेद २८ मधील उपकलम ३ नुसार धार्मिक शिक्षण व उपासनेतील सहभागासाठी पालकांची संमती आवश्यक आहे. आम्ही अशी संमती दिलेली नाही. तरी त्या वेळेत पाल्यास ग्रंथालयात बसून वाचन करण्याची मुभा मिळावी, तसेच याचा परिणाम त्याच्या हजेरीवर व गुणांवर होऊ नये, ही विनंती. या तासाचा अभ्यासक्रम आम्हास लेखी मिळावा.’ बस, एवढंच. धर्म चांगला की वाईट यावर एक शब्द लिहू नका, वादाला कारण मिळतं. दोन प्रती न्या, एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेऊन पोच घरी आणा. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

एकट्याने जाण्यापेक्षा चार-पाच घरं मिळून गेलात तर बरं, आणि ती वेगवेगळ्या धर्मांची असली तर फारच उत्तम, कारण मग ‘हे अमुकच लोक तक्रार करतायत’ असं कोणाला म्हणता येत नाही. इथे मला हिंदू पालकांना, म्हणजे माझ्याच लोकांना, एक कळकळीने सांगायचंय. आपलीच स्तोत्रं आहेत मग काय बिघडलं असं वाटतं आपल्याला. पण तुमची मुलगी उद्या कॉन्व्हेंटमध्ये असेल आणि तिला रोज चॅपलमध्ये गुडघे टेकायला लावलं तर तुम्ही हेच कलम घेऊन धावत जाल. मग आज वर्गातल्या त्या एका मुसलमान किंवा ख्रिश्चन पोरासाठी आपण आधी उभं राहायला नको का?

सरकारी, मनपाच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका, तिथे विषय अजेंड्यावर घ्यायला लावा आणि इतिवृत्तात नोंद झाली का ते बघा. खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. पुढची पायरी म्हणजे शिक्षण खातं, पुणे शहरात प्राथमिकसाठी मनपाचा शिक्षण विभाग आणि माध्यमिकसाठी झेडपीचे शिक्षणाधिकारी, त्यावर शिक्षण उपसंचालक, आणि राज्याचं शिक्षण आयुक्तालयही आपल्या पुण्यातच आहे. मुलाला उभं केलं, टोमणे मारले, वर्गासमोर अपमान केला तर विषय वेगळा होतो, आरटीईच्या कलम १७ मध्ये मानसिक छळाला बंदी आहे, त्याची तक्रार राज्य बालहक्क आयोगाकडेही करता येते. शाळा अनुदानित असेल तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात हा तास कोणाच्या आदेशाने सुरू झाला ते विचारा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

हा वाद पुण्याला नवा नाही. जोतीराव फुले इथल्याच स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, तरी धर्म त्यांनी स्वतःच्या डोक्याने तपासला, आणि पुढे लिहिलं की एकाच घरात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असा असला तरी त्यांनी एकमेकांशी प्रेमाने राहावं. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य झालं, म्हणजे धर्म बाटवल्याचा ठपका ठेवून चौकशी बसली, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत याच कलमावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विचारलेला मुद्दा अजून तसाच आहे, की कराचा पैसा सगळ्यांचा आणि देशात धर्म इतके, तर सरकारी शाळेत शिकवायचा कोणाचा?

नुसतं नको म्हणून चालत नाही, बदल्यात काय हवं ते घेऊन जा. मी सुचवेन की तोच तास ‘आपल्या शहरातले धर्म’ म्हणून चालवायला सांगा. आषाढात पालख्या येतात तेव्हा तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला मुक्कामी असते, पोरांनी वारकऱ्यांनाच विचारावं तुम्ही का चालता. जंगली महाराज रोडवर पाताळेश्वराची लेणी आहेत. कॅम्पातलं लाल देऊळ, ज्याला बाहेरून बघून निम्मं पुणं चर्च समजतं, ते ज्यूंचं सिनेगॉग आहे, डेव्हिड ससूनने बांधायला घेतलेलं आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेलं. तिथे जायला आधी परवानगी लागते, ती शाळेच्या लेटरहेडवर मागा. अग्यारीत पारशी नसलेल्यांना आत सोडत नाहीत, मग बाहेर उभं राहून का सोडत नाहीत यावर बोला, तोही अभ्यासच आहे. प्रत्येक ठिकाणी पोरांनी बघायचं, विचारायचं, वहीत लिहायचं, नमस्कार करायचा की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

आणि मुलाला यात ढाल करू नका. ‘बाईंना जाऊन सांग’ असा निरोप त्याच्या हाती कधीच पाठवू नका. त्याला मित्रांसोबत प्रार्थनेला उभं राहायचं असेल तर राहू दे, फक्त नको वाटलं तर आईबाबा पाठीशी आहेत एवढं त्याला माहीत असू दे. लायब्ररीत एकटं बसणं ही शिक्षा वाटत असेल तर अजून एक-दोन मुलांचे पालक सोबत येतात का बघा, म्हणजे ती सगळी मिळून बसतील.

शाळेने संमतीपत्र छापायचं मान्य केलं तर त्यात ‘संमती आहे’ आणि ‘संमती नाही’ असे दोन्ही रकाने हवेत, कुठल्या धर्माचं काय शिकवणार ते लिहिलेलं हवं, आणि ते एकाच शैक्षणिक वर्षापुरतं हवं. पुढच्या जूनला नवीन मागा.