दुर्मीळ सिंगल माल्ट: बेळगावच्या हवेत जपायची कशी, उघडायची कशी

कपाटात जपून ठेवलेली बाटली दुर्मीळ का आहे, हे आधी समजून घ्या. ती कशी प्यायची ते त्यावरूनच ठरतं. उदाहरणाला आपल्याच राज्यातली घेऊ. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने 2013 साली ‘ग्रीडी एंजल्स’ या नावाने 8 वर्षं मुरवलेली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोडवलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की, काढली. स्कॉटलंडमध्ये लाकडी पिंपातली साधारण 2 टक्के व्हिस्की दरवर्षी हवेत उडून जाते. हा देवदूतांचा वाटा, असं तिथले लोक म्हणतात. बंगळूरच्या हवेत हाच वाटा 10 ते 12 टक्क्यांवर जातो. 200 लिटरच्या पिंपाचा हिशेब करून बघा: 8 वर्षांनी स्कॉटलंडात 170 लिटर उरतात, बंगळुरात 90 सुद्धा धड उरत नाहीत. देवदूत हावरे निघाले, म्हणून ते नाव. स्कॉटलंडच्या पोर्ट एलन आणि ब्रोरा यांची गोष्ट वेगळी. दोन्ही डिस्टिलऱ्या 1983 साली बंद पडल्या. अलीकडे पुन्हा सुरू झाल्या असल्या, तरी तेव्हाच्या पिंपांतला माल वाढत नाही, घटतच जातो.

दोन्हीकडे पैसे जातात ते वासाचे. नशा नाइंटीतही मिळते. त्यामुळे पुढचं सगळं वास सांभाळण्याबद्दल आहे.

बाटली आणण्यापूर्वी

दुकानातून घ्यायची तर पक्की पावती घ्या आणि झाकणावरचं अबकारी खात्याचं लेबल सलग आहे का ते बघा. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून चोर्ला घाटातून गाडीत घालून आणायची सवय इकडे पुष्कळांना आहे. परवाना नसेल तर ती कणकुंबीच्या नाक्यावर जप्त होऊ शकते. कोगनोळीकडून येताना तीच गत. परदेशातून येणाऱ्या माणसाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, आणि खरेदीची पावती डब्यातच ठेवलेली बरी. जुनी बाटली कुणाकडून विकत घेत असाल तर पातळी बघा. ती मानेच्या खाली, खांद्यापर्यंत उतरली असेल तर बूच गळतंय. भाव पाडून मागा, नाहीतर सोडा.

ठेवायची कुठे

वाइन आडवी ठेवतात, व्हिस्की उभीच ठेवायची. 46–50 टक्के अल्कोहोल बुचाला सतत लागत राहिलं की बूच भुसभुशीत होतं आणि त्याचा कडवटपणा आत उतरतो. उन्हाची तिरीप नको. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. एप्रिलमध्ये ते दुपारी गरम आणि पहाटे गार होतं, बाटलीतली हवा फुगते-आकसते आणि बूच सैल पडत जातं.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र पावसाळा. जून ते सप्टेंबर खानापूरच्या बाजूला भिंती अक्षरशः घाम गाळतात. आतल्या व्हिस्कीला त्याचं काही होत नाही, पण लेबलावर बुरशी धरते, पुठ्ठ्याचा डबा मऊ पडतो, आणि संग्राहकाच्या लेखी अर्धी किंमत तिथेच जाते. बाटलीला प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळा, बुचाच्या सांध्यावर पॅराफिल्मचे (ताणली जाणारी मेणचट पट्टी) दोन-तीन वेढे ताणून द्या, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी त्या बदला. साड्यांच्या कपाटात ठेवू नका. डांबरगोळ्यांचा वास डब्याला आणि बुचाला लागतो, तो मग जात नाही.

उघडायचा दिवस

गटारी अमावस्या हा तो दिवस नव्हे. घरात मटणाचा रस्सा, बारा माणसं आणि प्रत्येकाच्या हातात सोडा, अशा वेळी ही बाटली काढणं म्हणजे पैसे रस्श्यात ओतणं. चार-पाच माणसं, जेवणाच्या तासभर आधी, फोडणीचा वास नसलेली खोली. उदबत्ती विझवा, अत्तर नको, सिगारेट तर नकोच.

दहा-वीस वर्षं उभ्या बाटलीचं बूच वाळलेलं असतं, म्हणून झटका देऊन उपटायचं नाही. झाकण अंगठ्याने दाबून धरा, बाटली पाच सेकंद उलटी करा म्हणजे बूच ओलं होईल, मग सरळ करा. आता बूच एका हातात स्थिर धरून दुसऱ्या हाताने बाटली सावकाश फिरवा. तरीही मोडलंच तर घाबरू नका. उरलेला तुकडा वाइनच्या स्क्रूने काढा, कॉफीच्या फिल्टर कागदातून व्हिस्की काचेच्या स्वच्छ भांड्यात गाळा, बाटली विसळून पुन्हा भरा. त्यासाठी एक रिकाम्या बाटलीचं चांगलं, बिनवासाचं बूच आधीच जवळ ठेवा. ऐन वेळी ते मिळत नाही.

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास याचसाठी आहे, नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालतो. स्टीलचा पेला किंवा रुंद तोंडाचा ग्लास नको, वास गोळा होण्याआधीच उडतो. ग्लास भांड्याच्या साबणाने धुतला असेल तर गरम पाण्याने दोनदा विसळा.

प्रत्येकाला 20 ते 25 मिलिलिटर पुरे. ‘एवढ्याशानं काय हुतंय?’ असं कुणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. ओतल्यावर पंधरा-वीस मिनिटं ग्लासला हात लावायचा नाही. पहिल्यांदा वर येते ती अल्कोहोलची झणझण. ती ओसरली की मागचं दिसायला लागतं. नाक ग्लासात खुपसू नका. काठापासून बोटभर लांब, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. नाकपुडी बधिर झाली तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं.

वासाला नावं द्यायला इंग्रजी यादी लागत नाही. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेल्या मालात गुऱ्हाळातली काकवी, मनुका, जुन्या दिवाणाचं लाकूड सापडतं. काही माल्टमध्ये पिकलेल्या फणसाचा गरा असतो. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेल्या बार्लीची व्हिस्की हुंगली की निपाणीच्या वखारीतला तंबाखू, चुलीची राख आणि टिंक्चर आयोडीन एकदम आठवतात. आयोडीनमुळे पहिल्यांदा नाक मुरडलं जातं, ते साहजिक आहे.

पहिला घोट चमचाभराहून कमी. तो फक्त तोंडाला सवय लावायला. दुसरा घोट जिभेवर आठ-दहा सेकंद फिरवून गिळा.

पाणी

सगळ्यात जास्त माल इथेच वाया जातो. बर्फ नको. थंडीत वास दबतो आणि जीभ बधिर होते. सोडा नको. पाणी मात्र लाजत न घालता घ्या, पण ड्रॉपरने, थेंबाथेंबाने. 2017 साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं की धुरकट वास देणारा ग्वायकॉल कडक व्हिस्कीत अल्कोहोलच्या वेढ्यात अडकलेला असतो, पाण्याने ती सौम्य झाली की पृष्ठभागाशी येतो. म्हणजे नाकापाशी.

40–46 टक्क्यांच्या मालाला तीन-चार थेंब बास. पिंपातून पाणी न घालता तशीच बाटलीत भरलेली, उदाहरणार्थ 61.8 टक्क्यांची असेल, तर 30 मिलिलिटरमध्ये 7 मिलिलिटर पाणी घातलं की ती 50 वर येते, 10 घातलं की 46 वर. आधी अर्धंच घाला, हुंगा, मग पुढचं. घातलेलं पाणी परत काढता येत नाही. अशा कडक मालाचे 30 मिलिलिटर म्हणजे नेहमीच्या 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचे 43, हेही ध्यानात असू द्या आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या.

बोअरचं जड पाणी नको. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर उकळून, उघडं ठेवून गार करा. पाणी घातल्यावर व्हिस्की गढूळ दिसली तर ती भेसळ नव्हे. थंड करून न गाळलेल्या मालातले तेलकट अंश पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून तसं होतं. उलट चांगलं लक्षण.

सोबत काय

तिखट चकणा, शेव, लोणचं यातलं काहीच नको. मिरचीनंतर जिभेला तासभर काही कळत नाही. शेरीच्या पिंपातल्या मालासोबत गोकाकच्या करदंटाचा नखाएवढा तुकडा फार जमतो: गूळ, डिंक, सुका मेवा, सगळं तिथे आधीच आहे. बेळगावचा कुंदा धुरकट मालासोबत, पण शेवटच्या घोटानंतर. आधी खाल्लात तर त्याचा खरपूस दुधाळपणा जिभेवर बसून राहतो.

उरलेली बाटली

अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तर वर्षभर फारसं बिघडत नाही. तिसऱ्या हिश्शाखाली गेली की आतली हवा काम करते आणि दोन-तीन महिन्यांत चव सपाट होते. तेव्हा 100 मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्यांत तोंडापर्यंत भरून ठेवा. औषधाच्या जुन्या बाटल्या वापरू नका, रबराचा वास उतरतो.

आणि ग्लास रात्री लगेच धुऊ नका. वर बशी झाकून ओट्यावर ठेवा आणि सकाळी चहाच्या आधी हुंगा. अल्कोहोल उडालेलं असतं, पिंपाचं लाकूड तेवढं उरलेलं असतं.