‘बोर झालो न बाप्पा!’ : गाजलेली कादंबरी अर्ध्यात टाकण्याआधी या चुका टाळा

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सात-आठ जण नागपूरच्या लक्ष्मीनगरात एका काकूंकडे जमतो. एक नावाजलेली कादंबरी, तर्री पोहे आणि भांडण, असा कार्यक्रम असतो. पोहे संपायच्या आत कोणीतरी निकाल लावून मोकळं होतं, “बोर झालो न बाप्पा!” लगेच समोरून उत्तर येतं, “तुला कळलीच नाही.” मग पुढचा दीड तास पुस्तक बाजूला आणि माणसं ऐरणीवर.

या भांडणांची मी एक वही ठेवली आहे. ती चाळताना दिसतं की निम्म्या वेळा दोघंही पुस्तकाबद्दल बोलतच नसतात. एक जण घाईघाईत वाचल्याचा राग काढत असतो, दुसरा आपल्या कॉलेजच्या दिवसांची बाजू लढवत असतो. खालच्या चुका त्याच वहीतल्या आहेत. बऱ्याचशा माझ्याच.

आठवड्याचा खुराक एका रात्रीत

‘पण लक्षात कोण घेतो’ ठरली, तेव्हा आम्ही जवळजवळ सगळ्यांनी ती शेवटच्या दोन दिवसांत उरकली आणि तक्रार घेऊन आलो. गोष्ट सांगणारी नायिका यमू तेच तेच सांगते, मध्येच वाचकाशी बोलत बसते, गाडी पुढे सरकत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ही कादंबरी त्यात क्रमशः छापली, हे आम्हाला ठाऊक होतं. पण ठाऊक असून वाचताना त्याचा उपयोग कोणी केला नाही. आठवडाभराने पुन्हा भेटणाऱ्या वाचकाला मागचं आठवावं म्हणून लेखक जे सांगतो, ते आपण दहा मिनिटांनी वाचलं तर पाल्हाळच वाटणार.

एकटीला आवडली होती. ती बँकेत आहे, रोज मेट्रोने खापरीहून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, येते. जाताना एक प्रकरण, येताना एक, एवढाच तिचा रतीब. शंकरमामंजींवर तिचा असा राग जमला होता की ती घरी जेवताना त्यांना शिव्या द्यायची. यमूच्या केशवपनाचा प्रसंग आला त्या सकाळी बर्डी मागे पडली, ही झीरो माईलला उतरून चालत ऑफिसला गेली. पुस्तक तेच होतं, फक्त तिने ते ज्या मापाने लिहिलं गेलं त्या मापाने घेतलं. जुनी, क्रमशः छापलेली कादंबरी असेल तर रोज दोनच प्रकरणं वाचा. गोडी लागली तरी पुस्तक मिटा. हे जड जातं, पण औषध लागू पडतं.

‘तो भाग सगळे वगळतात’ म्हणून वगळणं

‘मोबी डिक’ मी इंजिनिअरिंगच्या सुटीत हाती घेतली. महिना मे, बाहेर पंचेचाळीस अंश, खोलीत कूलरची घरघर. बत्तिसाव्या प्रकरणात मेल्व्हिल गोष्ट सोडून देवमाशांची वर्गवारी करत बसतो, तीही पुस्तकांच्या आकारांवरून. मोठ्या आकाराचा मासा, मधल्या आकाराचा, लहान. तिथेच माझी समाधी लागली. एकूण प्रकरणं १३५ आहेत हे पाहून मी ते उशाखाली सारलं आणि पुढची वीस वर्षं ‘कंटाळवाणी आहे’ असं जाणकार चेहऱ्याने सांगत राहिलो.

गटात ती घेतली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना सल्ला दिला, मासेमारीचं काम आलं की पानं उलटायची. आमच्यातल्या एका काकांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी उमरेडकडच्या कोळसा खाणीत अख्खी नोकरी काढली आहे. ते म्हणाले, “कॅप्टनचं वेड वगैरे ठीक आहे. पण ती भट्टी!” शहाण्णवाव्या प्रकरणात जहाजाच्या डेकवर विटांची भट्टी आहे. देवमाशाची चरबी तिच्यात कढवून तेल काढतात, आणि एकदा पेटली की तिला जळण म्हणून त्याच चरबीचे तळून उरलेले तुकडे टाकतात. मासा आपल्याच अंगावर शिजतो. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवून बोटांनी दाखवलं, माणूस कुठे उभा राहत असेल, धूर कुठे जात असेल, रात्रपाळीत डोळ्यांचं काय होतं. आम्ही जे वगळलं तेवढंच त्यांनी दोनदा वाचलं होतं.

तेव्हा वगळायचं तर स्वतः दोन पानं चाखून वगळा. दुसऱ्याच्या कंटाळ्यावर भरवसा ठेवू नका.

बोली डोळ्यांनी वाचणं

उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. आपल्या विदर्भातलीच, एका शिंपी कुटुंबाची, कौतिकची. तरी गटातला धरमपेठेचा मुलगा म्हणाला, संवादांत पाय अडकतो, दर ओळीला थांबावं लागतं. इंग्रजी माध्यमात शिकलेला, मराठी वर्तमानपत्रापुरतं. काकूंनी वाद घातला नाही. चष्मा लावला आणि एक पान मोठ्याने वाचलं. वाचलं कसलं, बोलल्याच. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ हे कागदावर अडखळायला लावणारे शब्द त्यांच्या तोंडून सरळ निघाले. मुलगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ही तर माझी यवतमाळची आजी.” आजीशी तो रोज फोनवर याच भाषेत बोलतो, पण ती कधी छापलेली पाहिली नव्हती म्हणून ओळखू आली नाही.

बोलीतली कादंबरी अडली तर पहिली दहा पानं मोठ्याने वाचा. घरात ती बोली बोलणारं कोणी असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्या. त्यांनाही बरं वाटतं.

नावं, प्रस्तावना आणि स्वस्त प्रत

यांना थोडक्यात आटोपतो. रशियन कादंबरीत रास्कोल्निकोव्ह, रोदिओन रोमानोविच आणि रोद्या हा एकच माणूस असतो, जसा आपल्याकडे एकच माणूस कोणाचा भाऊजी, कोणाचा अण्णा आणि ऑफिसात देशपांडेसाहेब असतो. चिठ्ठीवर नावं लिहा आणि ती खूण म्हणून पुस्तकात ठेवा. विद्वानांची लांबलचक प्रस्तावना शेवटी वाचा, त्यात बहुधा शेवट फोडलेला असतो. आणि अनुवाद घेताना आत कुठे ‘संक्षिप्त’ लिहिलंय का ते बघा. आमच्यातल्या एकाने अशा कापलेल्या प्रतीवरून लेखकाला धसमुसळा ठरवलं होतं.

पंधराव्या वर्षीचं मत पन्नाशीत वापरणं

ही चूक दोन्हीकडून होते. ‘मृत्युंजय’ शाळेत असताना रडत वाचलेली मंडळी आज ती उघडायला घाबरतात, आणि प्रेम मात्र जुन्याच व्याजावर चालू असतं. मला त्यातली उपमांची रास आता सोसत नाही, बहिणीला अजून पाठ आहे.

‘कोसला’चं उलट. विशीत वाचली तर पांडुरंग सांगवीकर म्हणजे आपणच. पण आमच्यातल्या एका गृहस्थांनी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यांचा मुलगा पुण्याला होस्टेलवर होता. त्यांचा जीव सगळा पांडुरंगाच्या वडिलांच्या पैशांत अडकला! “काही घडतच नाही, नुसता खर्च,” असं ते म्हणाले आणि तरुण मंडळी खवळली. त्यातला कंटाळा पांडुरंगाचाच आहे, तो मुद्दाम आहे, वगैरे. खरं आहे. पण कंटाळा मुद्दाम आहे म्हणून वाचकाने तो आनंदाने सोसावा असं थोडंच आहे? १९६३ पासून लोक या कादंबरीवर भांडताहेत, आमच्या पोह्यांनी ते मिटणार नव्हतं.

‘तुला कळलीच नाही’

हे वाक्य आम्ही आता बंद केलं आहे. त्याऐवजी एकच प्रश्न विचारायचा, “कुठल्या पानावर सोडलीस?” याने चमत्कार होतो. पान सांगितलं की माणूस त्या पानावर काय होतं ते सांगू लागतो, आणि बोलणं पुन्हा पुस्तकावर येतं. कधी कळतं की त्याची तक्रार रास्त आहे, तिथे लेखक खरंच भरकटलाय. कधी कळतं की त्या आठवड्यात घरी पाहुणे होते.

गेल्या महिन्यात मी म्हणालो की खांडेकरांची ‘ययाति’ मला कंटाळवाणी वाटते, १९७४ चं ज्ञानपीठ असो की आणखी काही. खाणीतल्या काकांनी लगेच विचारलं, “कुठल्या पानावर?” मी जरा गडबडलो. पूर्ण वाचलीय म्हणालो, आता नीट आठवत नाही.

घरी येऊन माळ्यावरून प्रत काढली. आत खूण म्हणून एसटीचं नागपूर-वर्ध्याचं जुनं तिकीट होतं, एकोणचाळिसाव्या पानावर. पुढची पानं करकरीत.

येत्या रविवारी ‘ययाति’ घेतोय. पोहे माझ्याकडून.