लाल प्लास्टिकवरचा पांढरा रंग गुलाबी होत असेल तर

१९६९ च्या शेवरले कॅमॅरोच्या १/२५ आकाराच्या मॉडेल किटची बॉडी लाल प्लास्टिकची होती आणि रंग द्यायचा होता डोव्हर व्हाइट, म्हणजे पांढरा. पांढरा वाळला की दुसऱ्या दिवशी गुलाबी झाक, सर्वांत जास्त फेंडरच्या (चाकांवरच्या पत्र्याच्या) कडांवर. पांढऱ्याचे जादा थर, राखाडी प्रायमर, काहीच टिकलं नाही, वैताग आला.

लॅकर प्रकारच्या स्प्रे रंगातला सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) प्लास्टिकमधला लाल डाय, म्हणजे रंगद्रव्य, विरघळवून वर आणतो. थर वाढवले की सॉल्व्हंटही वाढतो. चंदेरी रंगातले अॅल्युमिनियमचे कण मात्र कौलांसारखे एकावर एक बसून त्या डायची वाट अडवतात.

जुना रंग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून टूथब्रशने काढला. साबणाने धुऊन पूर्ण वाळवली. मग तामिया कंपनीचा टीएस-३० सिल्व्हर लीफ हा चंदेरी स्प्रे, २५ सेंमीवरून, दोन अगदी कोरडे (हलके, पडताच वाळणारे) हात, मध्ये १५ मिनिटं. त्यानंतर एक पातळ ओला हात. २४ तास थांबा. चंदेरीवर पॉलिशपेपर अजिबात नको, कडेला प्लास्टिक उघडं पडलं की तिथूनच लाली फुटते. त्यावर पांढऱ्या फाइन सरफेस प्रायमरचे दोन पातळ हात, शेवटी टीएस-२६ हा पांढरा स्प्रे.

आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर हाच क्रम करून दोन दिवस ठेवा. झाक लगेच दिसत नाही.