शकुंतलेला आधीच रडवू नका: जुन्या नाटकांतल्या नायिका करताना या चुका टाळा

नवीन मुली तालमीला येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, रडायचं कुठे?" संहिता अजून धड वाचलेली नसते. 'शाकुंतल'च्या पाचव्या अंकात ही घाई हमखास नडते.

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातल्या एका प्रयोगात दुष्यंताने ओळख नाकारली आणि आमच्या शकुंतलेने तिथेच हुंदके सुरू केले. नाक चोंदलं, शब्द घशात अडकले, मागच्या रांगांना काही कळेना. नंतर एक मावशी मला म्हणाल्या, "बिचारी काही बोललीच नाही की हो!"

कालिदासाची शकुंतला तर बोलते. अंगठी दाखवायला जाते, बोट रिकामं. तरी मागे हटत नाही. हरणाच्या पाडसाची आठवण देते: कमळाच्या पानातलं पाणी ते तुमच्या हातून प्यायलं नाही, माझ्या हातून प्यायलं. राजा त्यावरही टोमणे मारतो, तेव्हा भरसभेत त्याला 'अनार्य' म्हणते. 'धरणीमाते, पोटात घे' म्हणत रडणं येतं ते त्याच्याही नंतर.

मी त्या मुलीच्या तळहातावर पाण्याने काठोकाठ भरलेला द्रोण ठेवला आणि पाडसाचा प्रसंग सांगायला लावला. पाणी सांडू नये म्हणून श्वास आपोआप खाली उतरला, शब्द सुटे झाले. आता माझ्याकडे प्रत्येक शकुंतला द्रोण घेऊनच तालीम करते.

दुसरी चूक म्हणजे बालगंधर्वांची नक्कल. १९११ च्या 'मानापमान'मधल्या त्यांच्या भामिनीबद्दल मला नितांत आदर आहे. पण मान वेळावणं, पदर सावरणं हे सगळं एका पुरुषाने बाई उभी करण्यासाठी कमावलेलं होतं. तुम्ही बाईच आहात. ते पुन्हा वरून चढवलंत, तर भामिनीचा ताठा दिसतच नाही.

शिवलेली नऊवारी मला चालत नाही. पहिल्या आठवड्यापासून नेसून तालीम करा.

'मृच्छकटिक'मधली वसंतसेना बाळाच्या मातीच्या गाडीत दागिने भरते, त्या प्रसंगाची तालीम खरे दागिने घालूनच करा. कानातलं ऐनवेळी केसात अडकतं.

घरात कानडी-तेलुगू बोलणाऱ्या आपल्या सोलापूरच्या मुली उगाच पुणेरी हेल लावतात. तो सोडा. रोज अर्धा तास संहिता मोठ्याने वाचा, वाक्य संपेपर्यंत आवाज पडू देऊ नका.