कॉफीवर आपट्याचं पान आणि मोदक

कॅफेतल्या कॉफीवर पांढरा बदाम काढलेला असतो ना, तो जरा रुंद केला की दसऱ्याचं आपट्याचं पान होतं. तोच बदाम टोक वर करून पाहुण्यापुढे ठेवला की गणपतीतला मोदक. म्हणून ज्यांना घरी सणाची कॉफी सजवायची आहे त्यांना मी एवढंच सांगते, आधी बदाम हातात बसवा. हंस, मोर, गुलाब नंतर. आपल्या सणांचे आकार साधे असतात, आणि ज्यांनी उंबऱ्यापुढे रांगोळी काढली आहे त्यांच्या बोटांना ते आधीच ठाऊक असतात.

यासाठी वाफेचं मशीन लागत नाही. मी पुण्यात नारायण पेठेतल्या जुन्या घरातल्या छोट्या ओट्यावर हे सगळं करते. लागतो एक फ्रेंच प्रेस, म्हणजे दांडीला जाळी असलेली काचेची कॉफीची बरणी. तीन कपांची, साधारण ३५० मिलीची पुरते. मग एक चोचीचं स्टीलचं भांडं. चोच टोकदार हवी, पसरट चोचीतून धार बारीक पडत नाही. रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात विचारा किंवा तुळशीबागेत हिंडा, आणि घेताना दुकानातच पाणी ओतून बघायला लाजू नका. कप रुंद तोंडाचा आणि आतून गोल बुडाचा, १८० मिलीच्या आसपास. उंच मगमध्ये चित्र पसरायला जागाच मिळत नाही.

आता कॉफी. आमच्याकडे सासूबाईंना फिल्टरची, जायफळ घातलेलीच लागते, आणि चित्रासाठी ती उत्तम. पावडरीत मिसळलेल्या चिकोरीमुळे डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या कॉफीच्या अर्काला, गडद रंग येतो, त्यावर पांढरं उठून दिसतं. पहिलं दाट डिकॉक्शन घ्या, कपाला ४० मिली. जायफळ फिल्टरमध्ये पावडरीबरोबरच किसून घाला, दुधात घातलंत तर वर काळे कण दिसतात. साखरही आत्ताच, गरम डिकॉक्शनमध्ये पूर्ण विरघळवून टाका. हे विसरलात तर पाहुणा चमचा मागतो आणि चित्र ढवळून पितो. इन्स्टंट वापरणार असाल तर दोन छोटे चमचे पावडर ४० मिली गरम पाण्यात चांगली फेटा, वर तांबूस फेसाचा थर आला पाहिजे. फिल्टरच्या डिकॉक्शनवर असा थर नसतो, म्हणून मी त्यावर चहाच्या गाळणीतून अगदी चिमूटभर कोको भुरभुरते. त्यावर पांढरं ओतलं की कडा रेखीव येते.

दूध पाकिटातलं, पाश्चराइज्ड, थेट फ्रीजमधून. तापवून ठेवलेलं दूध नको, कारण त्यात सायीचे तुकडे असतात आणि ऐन बदामाच्या मधोमध एक तुकडा येऊन बसतो. तेवढंच दूध घरात असेल तर बारीक गाळणीतून दोनदा गाळून घ्या. गायीच्या दुधात ३.५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात ६ टक्के किंवा जास्त. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं, हवेच्या बुडबुड्याभोवती ती पातळ पापुद्रा करतात. स्निग्धांश चव आणतो, पण जास्त झाला की या पापुद्र्याला आड येतो. म्हणून चहाला म्हशीचं आणि चित्राला गायीचं, ही आमच्या घरातली वाटणी आहे.

मंद आचेवर दूध तापवा, ६० अंशांपर्यंत. थर्मामीटर असेल तर छानच. नसेल तर पातेल्याच्या बाहेरून तळहात टेकवा: हात क्षणभर टिकतो आणि मग आपोआप मागे येतो, तिथे गॅस बंद. कडेला बुडबुडे दिसू लागले म्हणजे उशीर झाला. ७० अंशांच्या पुढे दुधाला उकळलेला वास येतो आणि फेस भरड होतो. ५५ ते ६५ मध्ये दूध सगळ्यात गोड लागतं, ही त्याची आणखी एक चांगली बाजू.

फ्रेंच प्रेस आधी गरम पाण्याने विसळा, नाहीतर काच दूध गार करते. त्यात १५० मिली दूध ओता. दांडी वर खाली करायची, पण कशी ते महत्त्वाचं. पहिले दहाबारा झटके जलद आणि वरच्या वर, जाळी दुधाच्या पृष्ठभागातून आतबाहेर होईल असे. यात हवा आत जाते. आवाज फसफस येतो. मग जाळी दुधातच ठेवून खोल, संथ हालवा. आता नवी हवा घ्यायची नाही, आत गेलेल्या मोठ्या बुडबुड्यांचे बारीक बारीक करायचे. आवाज बंद होतो, दांडी किंचित जड लागते. दूध सव्वापट झालं की थांबा. लोक इथे थांबत नाहीत. फेस जितका जास्त तितकं चित्र चांगलं असं वाटतं, आणि मग चोचीतून धारेऐवजी गोळे पडतात.

लगेच चोचीच्या भांड्यात ओता, भांडं ओट्यावर दोनदा टकटक आपटा, वरचे मोठे बुडबुडे फुटतील. मग गोल गोल फिरवत राहा. फेस आणि दूध वेगळे दिसता कामा नयेत. भांडं तिरकं केलं तर दूध घावनाच्या पिठासारखं एकसंध, सरसर बाजूला गेलं पाहिजे, आणि वर एकही डोळा दिसता कामा नये. हे जमलं की तुम्ही जवळपास पोहोचलात. थांबू मात्र नका, अर्ध्या मिनिटात फेस वर येऊन बसतो.

ओतणं. कप डाव्या हातात, भांड्याकडे कललेला. आधी चार बोटं उंचीवरून बारीक धार कपाच्या मधोमध सोडा. उंचीवरून पडलेलं दूध कॉफीच्या खाली जातं, वरचा रंग गडदच राहतो. कप अर्ध्याहून थोडा जास्त भरला की चोच खाली आणा, कॉफीला जवळजवळ टेकेल इतकी, आणि धार मोठी करा. आता दूध खाली न जाता वर पसरतं, पांढरा डाग उमटतो. घाबरून हात मागे घेऊ नका. चोच तिथेच ठेवा, डाग वाढू द्या, आणि कप भरेल तसा हळूहळू सरळ करत या. काठाला आला की चोच पुन्हा उचला, धार दोऱ्याइतकी बारीक करा आणि डागाच्या मधून समोरच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ मारा. जिथून रेघ सुरू झाली तिथे खाच पडते, जिथे संपली तिथे टोक येतं. बदाम झाला.

आपट्याच्या पानासाठी दोन बदल. एक, डाग पसरत असताना मनगट जरासं डावीउजवीकडे हलवा, म्हणजे तो लांबीपेक्षा रुंद होतो. खरं आपट्याचं पान बघा, ते रुंदच असतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईच्या आसपास ढीग लागतात, त्यातलं एक समोर ठेवून काढा. दोन, शेवटची रेघ आखूड ठेवा, कडेच्या अलीकडेच धार तोडा. पानाला बदामासारखं लांब टोक नसतं, तिथे देठ असतो. मग टूथपिकने देठापासून दोन्ही पाळ्यांकडे शिरा काढा. कप ठेवताना देठ पाहुण्याकडे.

मोदकाला उलट, डाग गोल आणि भरीव, टोक लांब. कप ठेवताना टोक पाहुण्यापासून लांबच्या बाजूला, म्हणजे शेंडा वर दिसतो. आता कळ्या. मी टूथपिक शेंड्यावर टेकवून खाली ओढत होते तेव्हा शेजारी उकडीचे मोदक वळत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "अगं, कळ्या वरून खाली नाही येत. खालून धर आणि शेंड्याला नेऊन मिळव." हातातल्या मोदकावर त्यांनी करून दाखवलं: अंगठा आणि दोन बोटांची चिमटी पारीच्या कडेला, मग सगळ्या कळ्या वर एकत्र. तसंच टूथपिकने केलं. तपकिरी कॉफीत टोक बुडवलं, तिथून पांढऱ्यात शिरले आणि शेंड्यापर्यंत नेलं. रेघ खणखणीत उठली. टूथपिकच्या कामाचं सगळं इंगित यातच आहे: ज्या रंगातून सुरुवात कराल तो रंग पुढे ओढला जातो. गडदातून पांढऱ्यात गेलात तर गडद रेघ, पांढऱ्यातून गडदात गेलात तर पांढरी. आणि प्रत्येक रेघेनंतर टोक पुसायचं. ओला रुमाल हाताशीच ठेवा. मोदकाला पाच कळ्या पुरेत, जास्त काढल्या तर चित्र गढूळ होतं.

ओतून काढायचं चित्र जमेपर्यंत दूध वाया घालवू नका. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाकून फ्रेंच प्रेसमध्ये फेसवा आणि त्याने हात बसवा. अगदी दुधासारखं वागत नाही, पण उंची, धार आणि शेवटची रेघ अंगवळणी पडते. नंतर सगळं नीट धुवा, हे सांगायला नकोच.

दिवाळीला मात्र मी रांगोळीकडे वळते आणि त्यासाठी दूध वेगळं लागतं. वरच्या वर झटके दुप्पट मारा, दूध दीडपट होऊ द्या, भांड्यात घेऊन मिनिटभर ठेवा. खालचं दूध आधी कॉफीत ओता आणि वरचा घट्ट फेस चमच्याने पसरून पृष्ठभाग सपाट करा. एक चमचा कोको, एक चमचा पिठीसाखर आणि चमचाभर गरम पाणी घोटून घ्या. बटर पेपरचा छोटा कोन वळा, टोक सुईइतकं कापा. फेसावर एकात एक तीन वर्तुळं काढा. आता टूथपिक मध्यबिंदूपासून कडेकडे ओढा, चार दिशांना चार वेळा. मग मधल्या जागांतून कडेकडून मध्याकडे. पाकळ्यांचं फूल तयार. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना यात फार मजा येते, कारण इथे ठिपकासुद्धा चालतो: गोल ठिपके ओळीने द्या आणि एकाच रेघेत सगळ्यांच्या मधून टूथपिक न्या, बदामांची माळ होते.

आकाशकंदिलासाठी छाप लागतो. रांगोळीचे विकतचे छाप वापरू नका, ते दगडाच्या भुकटीत वापरलेले असतात आणि कपापेक्षा मोठे असतात. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण घ्या. ते पातळ, सपाट, धुतलेलं आणि खाण्याच्या पदार्थाचंच असतं. कागदावर कंदील काढून झाकणाखाली धरा, आकार गिरवा, कटरने कापा. कंदिलाच्या काड्या न कापता ठेवायच्या, नाहीतर मधला भाग गळून पडतो. झाकण फेसाच्या वर बोटभर उंच धरा, टेकवू नका. चहाच्या गाळणीत कोको किंवा दालचिनीची पूड घेऊन वीतभर उंचीवरून गाळणीला टिचक्या मारा. झाकण सरळ वर उचला. तिरकं उचललंत तर झाकणावरची पूड चित्रावर सांडते. लक्ष्मीची पावलंही अशीच होतात, दोन पावलं एकाआड एक ठेवली की छोट्या कपातही बसतात.

रंगासाठी कोमट दुधात भिजवलेलं केशर घट्ट फेसात मिसळा, पिवळा येतो. बिटाच्या रसाचे दोन थेंब गुलाबीला पुरतात. पूजेच्या हळदकुंकवाकडे आणि रांगोळीच्या रंगांकडे हात नेऊ नका, ते खायचे नसतात. कोजागिरीला मला फक्त चंद्र आवडतो: गडद कॉफी, मधोमध चमचाभर घट्ट फेस, कडेने केशराच्या दुधाची एक रेघ. पाडव्याच्या गुढीला पांढऱ्या फेसावर कोकोची उभी काठी, वर उलटा कलश आणि केशराची पताका, तीही कोनानेच.

कितीही पाहुणे आले तरी एका वेळी दोनच कप. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवरची मिरवणूक बघून मंडळी आमच्याकडे वर येतात, पाय दुखत असतात, ढोल कानात असतो. अशा वेळी मी डिकॉक्शन आणि साखर घातलेले कप आधीच मांडून ठेवते आणि दूध दोघांपुरतंच फेसवते. पहिल्या दोघांचं होईस्तोवर बाकीचे चिवडा खातात. ज्यांना कॉफी द्यायची ते बसलेले असले पाहिजेत, कप हातात घेऊन घरभर हिंडणाऱ्याला मोदक दिसतच नाही. ओतलेलं चित्र पाचेक मिनिटं छान राहतं, घट्ट फेसावरची रांगोळी त्याहून थोडी जास्त.

शेवटच्या कपानंतर फ्रेंच प्रेस लगेच गार पाण्याने विसळा, मग गरम पाणी आणि साबण. आधीच गरम पाणी घातलं तर दूध जाळीत चिकटून बसतं. जाळीचे तिन्ही भाग फिरकी काढून वेगळे करा, वाळू द्या. जाळीत राहिलेल्या दुधाचा वास दुसऱ्या दिवशीच्या कॉफीला येतो, आणि दुसऱ्या दिवशीही कोणीतरी येतंच.