टोनर उठून येतोय? आधी तांबं घासा

घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) करताना लेझर प्रिंटरने कागदावर छापलेलं सर्किट इस्त्रीने तांब्यावर उतरवतात. पण इस्त्री फिरवून कागद सोलला, की निम्मे ट्रॅक (टोनरच्या, म्हणजे प्रिंटरच्या शाईच्या पावडरच्या रेघा) कागदावरच राहतात. मग बहुतेक जण इस्त्री आणखी तापवतात. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा तांब्यावरच्या बोटांच्या तेलकटपणाचा निघतो. कॉपर क्लॅड बोर्ड (वर तांब्याचा पातळ थर असलेला कोरा बोर्ड) भांड्यांच्या हिरव्या घासणीने, लिक्विड साबणाचा थेंब टाकून, आधी उभा आणि मग आडवा घासा. तांबं गुलाबीसर दिसायला हवं. आता बोर्ड नळाखाली धरून तिरपा करा. पाण्याचा पातळ थर सलग राहिला तर काम झालं; थर फाटून थेंब जमले, तर तिथे अजून तेल आहे. पुन्हा घासा. यानंतर बोर्ड फक्त कडांना धरायचा, हे फार महत्त्वाचं. इस्त्रीनंतर कागद ओढू नका. पाण्यात भिजवून अंगठ्याने हलकेच चोळून काढा. तुटलेली रेघ परमनंट मार्करने जोडता येते.

टोनरने न झाकलेलं तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइड प्लास्टिकच्या डब्यातच घ्या, हातमोजे आणि चश्मा घालून. वापरलेलं द्रावण मोरीत अजिबात ओतू नका. त्यात विरघळलेलं तांबं माशांना घातक असतं, शिवाय धातूचे पाइप खराब होतात. झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत, नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. पुढच्या दोन-तीन छोट्या बोर्डांना ते सहज पुरतं.