शिकाऊ उमेदवारीतील कामाची नोंदवही

आयटीआय पूर्ण करून 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या कारखान्यात रुजू होणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून स्वतःची नोंदवही ठेवावी. विद्यावेतन सुरू झाले की त्याला नोकरी लागल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो प्रशिक्षणाचा करार असतो आणि मुदत संपल्यावर मुलाखतीला नव्यानेच उभे राहावे लागते. तिथे ‘लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) काम केले’ एवढ्या उत्तराने कोणाचेही समाधान होत नाही. त्याऐवजी ‘40 मिमी व्यासाचा शाफ्ट 38.5 मिमीपर्यंत टर्न केला, पहिला नग 0.2 मिमीने जास्त कापला गेला, कारण व्हर्नियरची (माप घेण्याच्या साधनाची) शून्य त्रुटी, म्हणजे जबडे मिटल्यावरही शून्य न दाखवण्याचा दोष, तपासली नव्हती’ अशी नोंद असेल, तर विचारणाऱ्यालाही पुढचा प्रश्न सुचतो.

नोंद पाळी संपताच, घरी निघण्यापूर्वी लिहावी; रविवारी एकदम लिहिलेली आठवड्याची पाने बहुधा एकसारखीच निघतात. तारीख, यंत्र, मोजमाप आणि झालेली चूक एवढे पुरे. कारखान्याची रेखाचित्रे किंवा ग्राहकांची नावे मात्र त्यात उतरवू नयेत. महिन्यातून एकदा पर्यवेक्षकांची सही मागावी. बहुतेक जण ती आनंदाने देतात, काही जण तर चुकलेले मापही दुरुस्त करून देतात.